व्हाइटनरखाली गेलेले वाचन : विज्ञान पदवीच्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प कसे आखावेत?

गिरणाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी रसायनशास्त्र शिकवते. चार वर्षांच्या पदवीचे चौथे वर्ष आता आमच्याही दाराशी आले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घेता येते, आणि त्यात १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो. प्रात्यक्षिकाच्या हिशेबाने १ क्रेडिट म्हणजे सत्रभरात ३० तास, म्हणजे हे काम ३६० तासांचे झाले. इतके तास आमचा विद्यार्थी नेमके काय करणार, याची आखणी मला सत्र सुरू होण्याआधी करायची आहे. म्हणून हा धागा.

आजवर तृतीय वर्षाला आम्ही जे प्रकल्प करून घेत आलो, त्यांबद्दल आधी प्रामाणिकपणे लिहिते. जूनमध्ये विषयांची यादी फलकावर लागते, यादी बहुतांशी मागच्या वर्षीचीच असते, फेब्रुवारीपर्यंत कोणी तिकडे फिरकत नाही आणि मार्चमध्ये काळ्या बाइंडिंगवर सोनेरी अक्षरे उमटलेले अहवाल टेबलावर येऊन पडतात. यात विद्यार्थ्यांइतकाच दोष माझाही आहे, कारण त्या यादीतले निम्मे विषय मीच लिहिलेले असतात.

मागच्या वर्षी घडलेली एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. पारोळ्याकडच्या एका गावातल्या विद्यार्थिनीने घरच्या विहिरीच्या पाण्याचा कठीणपणा, म्हणजे त्यात विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, हा विषय घेतला होता. ब्युरेट या खुणांच्या काचनळीत ०.०१ मोलर ईडीटीएचे द्रावण, ५० मिलिलिटर नमुना, रंग दाखवायला इरिओक्रोम ब्लॅक टी, लाल रंग जाऊन निळा आला की थांबायचे. यात नवे काहीच नव्हते. तिच्या वहीत १४.३, १४.३, १४.३ मिलिलिटर अशी तीन वाचने होती आणि त्याखाली चौकटीत सी.बी.आर., म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, लिहिलेला होता. आपल्याकडे विज्ञान शाखेतून गेलेल्या प्रत्येकाला ही चौकट ठाऊक आहे : तीनदा अनुमापन करायचे, आणि ब्युरेटवर जे वाचन कायम राहते ते आत लिहायचे. त्या पानावर चौकटीच्या खाली व्हाइटनरचा एक जाड पट्टा होता. पान उजेडाकडे धरून पाठीमागून पाहिले, तर १७.९ आणि १७.८ असे दोन आकडे दिसले. विचारल्यावर ती म्हणाली, "मॅडम, ती दुसरी बाटली बिघडली होती. पहिलीशी जुळत नव्हती."

ती बाटली बिघडलेली नव्हती. पहिली बाटली सकाळी मोटर सुरू करण्याआधी भरली होती आणि दुसरी मोटर दीड तास चालल्यावर. वाचनांच्या हिशेबाने लिटरमागे २८६ मिलिग्रॅम कठीणपणा दीड तासात ३५८ च्या आसपास गेला होता. त्या सबंध अहवालात विचार करण्याजोगी तेवढी एकच गोष्ट होती, आणि ती पांढऱ्या रंगाखाली गेली होती. पुढे मी तिच्या गावी गेले, तेव्हा तिचे काका विहिरीच्या काठावर उभे राहून सहज म्हणाले, "पानी खारं शे हाई माले बी ठाऊक शे. मोटर दोन घंटा चालनी का आखो जड व्हस. आते काय करानं ते सांग." काकांना जे अनुभवाने माहीत होते, तेच पुतणीने मोजले होते, आणि आम्ही तिला तीन वर्षांत लावलेल्या सवयीने तिने ते पुसून टाकले होते.

तेव्हापासून माझे असे मत झाले आहे की प्रकल्पाची आखणी करताना विषय नवा आहे की जुना हे पाहण्यापेक्षा, न जुळणाऱ्या वाचनाला त्यात जागा ठेवली आहे की नाही हे आधी पाहावे. ही जागा कशी ठेवायची, आणि खानदेशातल्या साध्या प्रयोगशाळेत, म्हणजे जिथे ब्युरेट, तराजू, पीएच मीटर आणि वाहकता मीटर आहे पण त्यापुढचे फारसे काही नाही तिथे, कोणते प्रश्न ३६० तास पुरतील, याविषयी आपले अनुभव कृपया लिहावेत.

निवृत्त भुसावळकर

मॅडम, आपली गोष्ट मनापासून वाचली. मी पस्तीस वर्षे हेच काम केले, म्हणून दोन-तीन गोष्टी स्पष्टपणे लिहितो.

पहिली अशी की सी.बी.आर.ला सरसकट खलनायक करू नये. हात स्थिर व्हावा, शेवटचा थेंब ओळखता यावा, यासाठी पहिल्या वर्षाला तो उपयोगीच असतो. चूक तेव्हा होते, जेव्हा आपण गुण त्या चौकटीला देतो आणि विद्यार्थी उलट बाजूने गणित मांडून तीन वाचने तयार करतो. परीक्षक या नात्याने मी एका दिवसात चाळीस वह्यांत दशांश स्थळापर्यंत एकच आकडा पाहिलेला आहे, आणि चाळीसही जणांना पूर्ण गुण दिले आहेत, हेही कबूल करतो.

दुसरी गोष्ट संख्येची आहे. एका शिक्षकामागे पंधरा-वीस विद्यार्थी असताना प्रत्येकाला स्वतंत्र प्रश्न शोधून देणे, त्यावर लक्ष ठेवणे आणि शिवाय स्वतःचे तास घेणे हे कागदावरच शक्य आहे. निम्म्या जागा रिकाम्या असलेल्या विभागात तर त्याची कल्पनाही करू नये. माझा उपाय असा होता की प्रश्न सर्वांचा एक ठेवायचा आणि मोजमाप वाटून घ्यायचे. आमचे विद्यार्थी वीस गावांतून एस.टी.चा पास काढून येतात. ही अडचण नसून सोय आहे. वीस विद्यार्थी म्हणजे वीस विहिरी, आणि पद्धत सर्वांची तंतोतंत एक. पावसाळ्याआधीचा आणि पावसाळ्यानंतरचा नमुना प्रत्येकाने आपल्याच गावचा आणायचा. मग ज्याला शेतीत रस आहे त्याने सिंचनाच्या दृष्टीने सोडियमचे प्रमाण पाहावे, ज्याला आरोग्यात आहे त्याने नायट्रेट पाहावे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि एकूण कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा २०० तर दुसरा स्रोत नसल्यास ६०० आहे, हे विद्यार्थ्याला पाठ असते. आपल्या गावची विहीर त्यात कुठे बसते हे मात्र त्याला माहीत नसते.

तिसरी गोष्ट, आणि ही कोणीच करत नाही. गावोगावच्या विहिरींना हात लावण्याआधी एकाच कॅनमधले पाणी वीस बाटल्यांत भरून वीसही जणांना तपासायला द्यावे, आणि पाणी एकच आहे हे त्यांना सांगू नये. जे वीस आकडे येतील त्यांचा पसारा म्हणजे तुमच्या वर्गाच्या हातांचा पसारा. पुढे दोन गावांतला फरक त्यापेक्षा मोठा असेल तरच तो गावांतला फरक मानायचा. मी हे पहिल्यांदा केले तेव्हा पसारा इतका मोठा निघाला की आम्ही दोन आठवडे फक्त ब्युरेट धुवायला शिकलो.

मृगबाग

मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक, वनस्पतिशास्त्राचा पदवीधर. घरचा मुलगा आता तृतीय वर्षाला आहे, म्हणून या धाग्यात रस.

महाविद्यालयांची सर्वांत मोठी चूक विषयात नसून पंचांगात असते. आमच्याकडे केळीची मृगबाग जून-जुलैत लागते, कांदेबाग ऑक्टोबरच्या सुमारास. पीक हाती यायला वर्षाच्या आसपास लागते. तुमचे वर्ष जुलैत सुरू होऊन मार्चमध्ये संपते, त्यात दिवाळीची सुटी, जानेवारीतले राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर आणि कापूस वेचणीच्या दिवसांत निम्मा वर्ग शेतात. अशा वर्षात 'केळीच्या उत्पादनावर अमुक खताचा परिणाम' हा प्रकल्प बसूच शकत नाही. तरीही दरवर्षी कोणीतरी तो घेते आणि घड निसवायच्या आत अहवाल सादर करते.

सबंध पीक न घेता पिकाचा एक टप्पा घ्यावा. उदाहरण देतो. उबदार हवेत केळीला साधारण आठवड्या-दहा दिवसांनी एक नवे पान येते, थंडी पडली की पान पोंग्यातच रेंगाळते. रात्रीचे तापमान फार उतरले तर बागेला चरका बसतो, हे रावेर-यावलच्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. पण थंडीच्या किती रात्रींनी पान किती दिवस लांबते, हे आपल्या बागेपुरते कोणी मोजून ठेवलेले नसते. मृगबागेची झाडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात पाने काढत असतात. नव्या पानाच्या देठावर ऑइलपेंटचा ठिपका द्यायचा, तारीख लिहायची, बागेत किमान-कमाल तापमापी टांगायची आणि रोज सकाळी वाचन घ्यायचे. खर्च हजार रुपयांच्या आत. काम रोजचे असल्यामुळे मार्चमध्ये बसून आकडे तयार करणे अवघड जाते, हा त्यातला खरा फायदा.

एक सावधगिरी मात्र शिक्षकांनी शिकवावी. मुलाने आमच्या एका बागेतली चाळीस झाडे घेतली, तर त्याला वाटते की आपल्याकडे चाळीस नमुने आहेत. त्या चाळीसही झाडांना एकच पाणी, एकच खत, एकच माती आहे. शेत या अर्थाने नमुना एकच आहे. 'ठिबकखालच्या बागेत पान लवकर येते' असे म्हणायचे असेल तर झाडे कमी घ्यावीत आणि बागा जास्त घ्याव्यात. पाच बागांतली आठ-आठ झाडे ही एका बागेतल्या चाळीसांपेक्षा कितीतरी अधिक सांगतात.

हरण्या रोगावरचे, म्हणजे काकडीवरील मोझॅक विषाणूवरचे, प्रकल्प पदवीच्या मुलांना देऊ नयेत असे माझे मत आहे. विषाणूची खात्री करायची साधने तुमच्याकडे नसतात, आणि मावा एका बागेतून दुसऱ्या बागेत जातो तसा पाने तोडत फिरणारा विद्यार्थीही शेजाऱ्याला नकोसा होतो.

माजी विद्यार्थी

मी थोडक्यात लिहितो. २०१९ साली बी.एस्सी. झालो. माझा प्रकल्प महाविद्यालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून आला; दुकानदाराच्या संगणकात विषयवार फोल्डर होते, नाव बदलून छापून मिळत असे. पुढे एका अन्नप्रक्रिया कारखान्याच्या प्रयोगशाळेत मुलाखतीला गेलो. तिथल्या बाईंनी अहवाल उघडलाही नाही. त्यांनी एकच विचारले, "यात तुमचे काय चुकले होते आणि ते कसे शोधलेत?" माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण त्या अहवालात काहीच चुकलेले नव्हते. नोकरी दुसऱ्याला मिळाली. आज मी स्वतः एका प्रयोगशाळेत आहे आणि नव्या मुलांना हाच प्रश्न विचारतो.

लळिंगचा वारा

धुळ्याहून भौतिकशास्त्राच्या वतीने लिहितो, कारण प्रकल्प म्हटले की चर्चा रसायन आणि वनस्पतींपाशीच थांबते.

आमच्याकडे उन्हाला तोटा नाही. साक्री तालुक्यात पवनचक्क्या आणि सौर प्रकल्प दोन्ही डोळ्यांसमोर आहेत, तरी विद्यार्थी प्रकल्पात 'सौर ऊर्जेचे महत्त्व' असा निबंध लिहून आणतो. मी दोन वर्षांपूर्वी दहा वॅटचे दोन सारखे पॅनेल घेतले आणि दोन विद्यार्थ्यांना एकच प्रश्न दिला : आपल्या गच्चीवर पॅनेलचे नुकसान धुळीने अधिक होते की उष्णतेने?

यात गंमत अशी की साध्या मल्टिमीटरने ही दोन नुकसाने वेगळी करता येतात. पॅनेलची दोन टोके जोडून मिळणारा प्रवाह मुख्यतः पडणाऱ्या प्रकाशावर अवलंबून असतो, त्यामुळे धूळ बसली की तो घटतो. टोके मोकळी ठेवून मिळणारा विद्युतदाब मुख्यतः तापमानावर अवलंबून असतो, त्यामुळे पॅनेल तापले की तो घटतो. एक पॅनेल रोज पुसायचे, दुसरे तसेच ठेवायचे, दोन्हींच्या पाठीला तापमापी चिकटवायची आणि दोन्हींची वाचने एका मिनिटाच्या आत घ्यायची, म्हणजे ढग आला तरी तुलना बिघडत नाही. सिलिकॉनच्या पॅनेलची क्षमता २५ अंशांना मोजून पाठीवर छापलेली असते आणि त्यापुढे दर अंशाला सुमारे ०.४ टक्का घटते. पॅनेल ६५ अंशांवर गेले तर जवळजवळ १६ टक्के तिथेच गेले. हे पुस्तकातले गणित आपल्या गच्चीवर किती जुळते ते पाहणे, एवढाच प्रकल्प.

मधल्या काळात दोन्ही पॅनेलांची अदलाबदल करायला मी सांगायला विसरलो होतो. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारले की पुसलेले पॅनेल मुळातच चांगले नसेल कशावरून, आणि दोन्ही मुले माझ्याकडे पाहू लागली. चूक माझी होती. पुढच्या वर्षी आठवडाभर दोन्ही पॅनेले स्वच्छ ठेवून आधी त्यांची आपसांत तुलना केली, तेव्हा एक दुसऱ्यापेक्षा किंचित अशक्त निघालेच.

मे महिन्याची वाट पाहू नये. मार्च-एप्रिलमध्येच आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेवढा पुरे आहे.

काचपात्र

इथे एक वेगळा सूर लावतो. मी स्वतः वनस्पतींच्या अर्कापासून चांदीचे नॅनोकण तयार करण्यावर काम करतो आणि पदवीच्या विद्यार्थ्यांनाही त्यात घेतो. विहीर, गच्ची, केळीचे पान हे सगळे छान आहे, पण पुढे एम.एस्सी., पीएच.डी. करू इच्छिणाऱ्या मुलांना आधुनिक उपकरणांची तोंडओळख नको काय? ग्रामीण मुलांनी ग्रामीणच प्रश्न घ्यावेत, हा हट्ट मला थोडा अन्यायाचा वाटतो.

गिरणाकाठ

काचपात्र सर, आपला शेवटचा मुद्दा मला मान्य आहे आणि तो मनाला लागलाही. माझा आक्षेप नॅनोकणांना नाही. माझ्या विभागात गेल्या सहा वर्षांत कडुनिंब, तुळस, शेवगा, पेरू आणि पुन्हा कडुनिंब असे अर्क झाले. सिल्व्हर नायट्रेटमध्ये अर्क घातला, रंग तपकिरी झाला, प्रकाशशोषणाच्या आलेखात ४०० ते ४५० नॅनोमीटरच्या दरम्यान शिखर दिसले, की प्रकल्प संपला. पण नुसता अर्क तितकाच वेळ तितक्याच तापमानाला ठेवला तर त्याचा रंग बदलतो का, हे त्यांपैकी एकाही अहवालात नव्हते. जीवाणूंच्या ताटलीवर जो मोकळा पट्टा दिसला तो कणांमुळे, की शिल्लक राहिलेल्या सिल्व्हर नायट्रेटमुळे, हेही कोणी तपासले नव्हते. नुसत्या सिल्व्हर नायट्रेटची एक चकती शेजारी ठेवली असती तरी काही कळले असते. बाहेर नमुने पाठवण्यासाठी मुलांनी पैसे मात्र भरले होते. तुलनेसाठी ठेवायची ती साधी परीक्षानळी वहीत असेल, तर माझ्याकडून नॅनोकणांना पूर्ण मोकळीक आहे.

काचपात्र

नुसत्या नायट्रेटची चकती आम्ही ठेवतो. नुसता अर्क ठेवत नाही, हे खरे. या वर्षीपासून ठेवू.

तोरणमाळ

नंदुरबार जिल्ह्यातून लिहिते. मी प्राणिशास्त्र शिकवते आणि आमच्या वर्गात भिल्ल, पावरा घरांतली मुले बहुसंख्य आहेत.

दर वर्षी दोन-तीन विद्यार्थी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर प्रकल्प मागतात, कारण तो त्यांच्या घरातला प्रश्न आहे. राष्ट्रीय पातळीवर त्याच्या निर्मूलनाचे अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले, तपासणी शिबिरे होतात, कार्डे वाटली जातात. मुले हे सगळे पाहत असतात. तरी मी त्यांना पाड्यावर जाऊन रक्ताचे नमुने घेऊ देत नाही. नैतिकता समितीची मान्यता, लेखी संमती, समुपदेशन आणि निदानाची गुप्तता हे सारे नसताना विद्यार्थ्याने गावातल्या मुलीला 'तू वाहक आहेस' असे सांगितले, तर तिचे लग्न मोडू शकते. माझ्या एका विद्यार्थ्याने मला सांगितलेले वाक्य मी विसरलेले नाही : त्याच्या पाड्यावर लहानपणी दोनदा रक्त नेले गेले आणि एकदाही कागद परत आला नाही.

मग काय द्यायचे? एकाला मी गणिताचा प्रकल्प दिला. समजा एखाद्या समाजात १८ टक्के लोक वाहक आहेत असे गृहीत धरले, तर समाजातले जनुकांचे प्रमाण मांडणाऱ्या हार्डी-वाइनबर्गच्या समीकरणाने जनुकाची वारंवारता ०.१ येते आणि शंभरात एक मूल बाधित असेल अशी अपेक्षा निघते. आता लग्ने ठरावीक कुळांतच होत असतील तर हा आकडा कोणत्या दिशेला सरकेल, हे त्याने संगणकावर हजार पिढ्या चालवून पाहिले. त्याने आपल्याच समाजातल्या सोयरिकींचे नियम आजीकडून लिहून घेतले आणि ते नियम प्रतिमानात घातले. रक्ताचा थेंबही लागला नाही.

औषधी वनस्पतींच्या प्रकल्पांनाही हाच न्याय लावावा. जंगलातून मुळे उपटून आणण्याआधी वनविभागाची परवानगी लागते, आणि २००२ च्या जैविक विविधता कायद्यामागे असा विचार आहे की या ज्ञानाचा लाभ ते जपणाऱ्यांपर्यंत पोहोचावा. ज्या वैदूने झाड दाखवले त्याचे ऋण अहवालात 'स्थानिक माहितगार' या दोन शब्दांत फेडता येत नाही. त्याला नाव छापून हवे आहे की नको हे आधी त्यालाच विचारावे.

सर्वांत चांगला प्रकल्प मला मोहाच्या फुलांचा वाटला. मार्च-एप्रिलमध्ये फुले पडतात, आया-बहिणी पहाटे वेचतात, अंगणात वाळवतात आणि व्यापारी 'ओली आहेत, माती आहे' म्हणून भाव पाडतो. दोन मुलींनी जमिनीवर आणि बाजेवर ताणलेल्या जाळीवर एकाच झाडाची फुले वाळवली, ओलावा ओव्हनमध्ये १०५ अंशांना वजन स्थिर होईपर्यंत मोजला आणि माती धुऊन वेगळी तोलली. वेळापत्रक मात्र परीक्षेशी भिडले, म्हणून काम द्वितीय वर्षाच्या मार्चमध्ये करून लेखन तृतीय वर्षात केले. प्रकल्प आधीच्या उन्हाळ्यात सुरू करायला कोणताही नियम आड येत नाही, हे मला तेव्हा कळले.

काळा पाषाण

मी भूगर्भशास्त्राचा असल्यामुळे इतका वेळ पारोळ्याच्या विहिरीपाशीच अडकून बसलो आहे. १४.३ आणि १७.९ यांतच पूर्ण वर्षाचा प्रकल्प आहे, आणि आपण त्याच्यावरून पुढे निघून गेलो.

दीड तास उपसा केल्यावर कठीणपणा का वाढावा, याची निदान दोन कारणे संभवतात. आपली विहीर बेसॉल्टच्या थरांत खणलेली असते. वरचा झिजलेला, सच्छिद्र थर पावसाचे पाणी लवकर देतो. खालच्या भेगांतले पाणी खडकाशी अधिक काळ राहिलेले असते. उपशाने पातळी खाली गेली की खालच्या पाण्याचा वाटा वाढतो. हे झाले पहिले कारण. दुसरे अगदी वेगळे आहे : रात्रभर उघड्या विहिरीत उभ्या राहिलेल्या पाण्यातून कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो, पीएच वाढतो आणि थोडे कॅल्शियम कार्बोनेट खाली बसते. म्हणजे मोटर चालल्यावरचे पाणी जड झालेले नसून, सकाळचेच पाणी हलके झालेले असू शकते.

या दोहोंत निवाडा करणे मॅडमच्या प्रयोगशाळेत सहज शक्य आहे. क्लोराइड मोजा, सिल्व्हर नायट्रेट आणि पोटॅशियम क्रोमेट, विटकरी रंग आला की थांबायचे, हे सर्वांना येते. क्लोराइड हवेत उडत नाही आणि असे खालीही बसत नाही. उपशाबरोबर कठीणपणा आणि क्लोराइड दोन्ही वाढले, तर नवे पाणी येत आहे. कठीणपणा आणि आम्लारीपणा म्हणजे अल्कलिनिटी वाढली, पण क्लोराइड जागचे हलले नाही, तर दुसऱ्या कारणाकडे पाहावे. दोन्ही थोडेथोडे खरे निघाले तरी आश्चर्य वाटू देऊ नये. आणि काकांचा शब्द 'खारं' असा होता, तेव्हा क्लोराइड तसेही मोजायलाच हवे.

धुळे-नंदुरबारकडच्या मित्रांसाठी एक पुरवणी. आपल्या भागात काळ्या दगडाच्या भिंतीसारखे, साधारण पूर्व-पश्चिम धावणारे डाइक शेतांतून, टेकड्यांतून दिसतात. लाव्हाच्या थरांना छेदून वर आलेल्या या उभ्या पट्ट्या कुठे भूजलाला अडवतात, तर कुठे त्यांच्या भेगांतून पाणी वाहते. डाइकच्या दोन बाजूंच्या विहिरींची पातळी टेपला वजन बांधून महिन्यातून एकदा मोजणे, हा जवळजवळ बिनखर्ची प्रकल्प आहे. पातळी मात्र मोटर बंद असल्याला बारा तास झाल्यावरच घ्यावी, नाहीतर तुम्ही शेजाऱ्याचा उपसा मोजाल.

निवृत्त भुसावळकर

पाषाण साहेब, आपण मला पुन्हा प्रयोगशाळेत पाठवणार असे दिसते. ही दोन कारणे मी कधीच समोरासमोर ठेवली नव्हती. आमच्या यावल-रावेरकडे सातपुड्याच्या पायथ्याचा बाझाडा, म्हणजे डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांचा, पट्टा आणि तापीकाठचा गाळ यांतही हाच खेळ निराळ्या रीतीने चालत असणार.

गिरणाकाठ

सर्वांचे आभार. प्रतिसाद वाचत असताना शेजारी कागद घेऊन बसले होते, तो कागद आता बराच भरला आहे. ठरवलेले इथे लिहून ठेवते, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

विषयांची यादी या वर्षी फलकावर लागणार नाही. प्रत्येकाने एका पानाचा आराखडा आणायचा, आणि त्यात काय मोजणार, कशाशी तुलना करणार, किती वेळा मोजणार आणि कोणते वाचन आले तर आपला अंदाज चुकला असे मानणार, हे चार वाक्यांत लिहिलेले असले पाहिजे. चौथे वाक्य लिहिता आले नाही तर पान परत. भुसावळकर सरांची एका कॅनची परीक्षा पहिल्याच आठवड्यात होईल आणि तिचे आकडे वर्षभर भिंतीवर राहतील. शंभरांपैकी चाळीस गुण नोंदवहीला, आणि वहीत व्हाइटनर दिसल्यास त्या पानाचे गुण जातील; खोडायचे तर एक आडवी रेघ मारून, खालचे वाचता येईल असे खोडायचे. बाइंडिंग स्पायरलचे. तोंडी परीक्षेतला पहिला प्रश्न माजी विद्यार्थी यांच्याकडून उसना घेतला आहे.

७५ टक्क्यांची अट पूर्ण न करणाऱ्यांचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. त्यांना प्रकल्पाऐवजी तीन विषय घ्यावे लागतात, आणि माझ्या अनुभवात शेतातली, हाताने काम करणारी मुले नेमकी त्यांच्यात असतात. नियम माझ्या हातात नाही. विहिरीच्या गटात त्यांनाही येऊ द्यावे, क्रेडिट नसले तरी, असे मनात आहे. ती येतील की नाही हे आताच सांगता येत नाही.

पारोळ्याची ती विद्यार्थिनी आता एम.एस्सी.ला जळगावला आहे. तिला काल फोन केला. काकांच्या विहिरीवर मोटर सुरू होण्याआधी एक आणि नंतर दर अर्ध्या तासाला एक अशा सात बाटल्या रविवारी भरायला ती तयार आहे. क्लोराइडची कल्पना सांगितली तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "मॅडम, ती जुनी वही माझ्याकडेच आहे."

काळा पाषाण

उत्तम. फक्त बाटल्या काठोकाठ भरा, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, आणि पीएच विहिरीवरच घ्या. महाविद्यालयात आणेपर्यंत तो बदललेला असेल.

निवृत्त भुसावळकर

आणि वेळ बाटलीवर लिहा, झाकणावर नको. झाकणे बदलतात.